घोरणाऱ्याची थट्टा पुरे!

मराठी घरात घोरणाऱ्या माणसाइतका स्वस्त विनोदाचा विषय दुसरा नाही. सासरेबुवा घोरतात म्हणून जावई हसतो, जावई घोरतो म्हणून मेहुण्या हसतात, आणि लग्नघरात ओळीने अंथरुणे पडली की कोणाचे इंजिन कोणता घाट चढते आहे ह्यावर पैजा लागतात. नाटकाचा पडदा वर गेला आणि कोपऱ्यात एखादा मामा घोरत पडलेला दिसला की लेखकाला पहिला हशा फुकटात मिळतो. व्यंगचित्रकाराने झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर ओंडका आणि करवत काढली की त्याचेही काम भागते. दिवाळी अंकांनी तर ह्या एका विषयावर किती पाने भरली असतील त्याची गणती नाही. मला ह्या हसण्याविरुद्ध तक्रार नोंदवायची आहे. विनोदाचे मला वावडे नाही. पण ज्याला आपण हसतो त्याचा गळा नेमका त्याच क्षणी आवळला जात असेल, तर हसणाऱ्याने एकदा तरी वळून त्याच्याकडे पाहावे, एवढी मागणी गैर म्हणता येणार नाही.

‘घोरतो म्हणजे गाढ झोपतो’ हा आपला लाडका सिद्धान्त. तो मुळातच खोटा आहे. गाढ झोपलेला निरोगी माणूस शांतपणे श्वास घेतो. घोरणे म्हणजे अरुंद झालेल्या वाटेतून हवा ओढली जाताना टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ थरथरल्याचा आवाज. पुष्कळांच्या बाबतीत गोष्ट तेवढ्यावरच थांबते आणि त्यात काळजीचे फारसे कारण नसते, हे मी आधीच कबूल करतो. घोरणारा प्रत्येक माणूस रोगी नाही. परंतु काहींचे घोरणे लक्ष देऊन ऐका. आवाज चढत जातो, चढत जातो आणि एकदम बंद पडतो. शेजारी झोपलेल्या बाईला वाटते, सुटले! दहा सेकंद जातात, वीस जातात, कधी तीस-चाळीसही. छाती वरखाली होते आहे, पोट हलते आहे, पण नाकातोंडातून हवेची झुळूकही जात नाही. मग बुडता माणूस पाण्यावर यावा तसा एक मोठा हिसका, एक घुसमटलेला हुंकार, आणि पुन्हा घोरणे सुरू. आपण त्या आवाजाला हसत आलो. रोग मात्र त्या मधल्या शांततेत बसलेला आहे.

डॉक्टर ह्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. ॲप्निया हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ, श्वास नसणे. मराठीत आपण ‘झोपेतला श्वासरोध’ म्हणू. श्वास निदान दहा सेकंद थांबला तर एक श्वासरोध धरतात; श्वास पुरता न थांबता फार उथळ झाला आणि त्यामुळे रक्तातला प्राणवायू उतरला तर तोही हिशेबात घेतात. तासाला असे पाचापेक्षा कमी प्रसंग घडले तर चिंता नाही. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम, आणि तिसाच्या वर गेले की तीव्र. ह्या तिसाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. सात तासांच्या झोपेत निदान दोनशे दहा वेळा त्या माणसाचा श्वास अडला आणि दोनशे दहा वेळा त्याच्या मेंदूने त्याला अर्धवट जागे करून वाचवले. सकाळी त्याला ह्यातले काहीही आठवत नाही. ‘‘अहो, रात्रभर किती घोरत होतात!’’ असे बायको म्हणाली की तो म्हणतो, ‘‘मी? छे गं! मला तर पडल्याबरोबर झोप लागली.’’ आणि तो खोटे बोलत नसतो.

दौलताबादचा किल्ला ज्यांनी चढून पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगायला मला चित्र काढावे लागणार नाही. डोंगराचे कडे तासून गुळगुळीत केलेले, भोवती कातळात खोदलेला खंदक, आणि वर जायला कातळाच्या पोटातून वळत गेलेली एकच काळोखी वाट, म्हणजे अंधारी. ह्या अंधारीच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण होते. त्यावर आग पेटवली की धूर आणि धग खालच्या वाटेत कोंडत असे आणि आत शिरलेला शत्रू गुदमरून जात असे. माणसाच्या देहाच्या किल्ल्यालाही अशी एक अंधारी आहे. तिचे नाव घसा. वर नाकाला हाडाचा व कूर्चेचा आधार आहे, खाली श्वासनलिकेला कूर्चेची कडी आहेत. मधला घसा तेवढा नुसत्या स्नायूंनी ताणून धरलेला आहे. जागेपणी हे पहारेकरी दक्ष असतात. झोप लागली की ते सैलावतात. वाट मुळात रुंद असेल तर काही बिघडत नाही. पण मानेभोवती चरबी साठलेली असेल, जबडा आखूड असेल, जीभ जाड असेल किंवा टॉन्सिल वाढलेले असतील, तर जिभेचे मूळ मागे सरकते, घशाच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि वाट बंद होते. किल्ल्यावरची ती योजना शत्रूसाठी होती. इथे धन्याचाच श्वास कोंडतो, तोही त्याच्याच घरात.

ह्याच किल्ल्याची दुसरी गोष्ट आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. बेसावध सापडलेल्या रामदेवरावाने किल्ल्याचा आश्रय घेतला आणि घाईघाईने पोती वर चढवली गेली. वेढा पडल्यावर पोती उघडून पाहतात तो काय, धान्याच्या ठिकाणी मीठ! किल्ला अजिंक्य होता, पण मिठावर वेढा काढता येत नाही. श्वासरोध असलेल्या माणसाची आठ तासांची झोप ही अशीच मिठाची पोती असतात. बाहेरून मोजली तर आठच्या आठ भरतात. दिवस उजाडल्यावर उघडून पाहावी तर डोके जड, तोंड कोरडे, अंगात उत्साह नाही. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते. त्याचा दोष कोणी मधुमेहाला देतो, कोणी वयाला. दुपारी कचेरीत फाइल उघडी ठेवून डुलकी, संध्याकाळी कीर्तनात डुलकी, सिनेमात मध्यंतराआधी डुलकी. विसरभोळेपणा वाढतो, स्वभाव चिडका होतो. घरचे म्हणतात, ‘‘बाबा आताशा फार किरकिर करतात.’’ बाबांना झोपच मिळत नाही, हे कोणाच्या ध्यानीमनी येत नाही. कारण झोपलेले तर ते सगळ्यांना दिसतात!

आणि हा हिशेब चिडचिडीवर संपत नाही. दर वेळी श्वास अडला की प्राणवायू उतरतो, शरीर संकटाची घंटा वाजवते, नाडी धावते, रक्तदाब उसळतो. रात्री ज्या हृदयाने विसावा घ्यायचा ते रात्रभर पळत राहते. वाढलेला रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात आणि मधुमेह ह्यांच्याशी ह्या विकाराचा संबंध आता वैद्यकात मान्य झालेला आहे. रक्तदाबाची एक गोळी पुरेना म्हणून दुसरी, दुसरी पुरेना म्हणून तिसरी, असे चालले असेल तर डॉक्टरांनी एकदा ‘‘तुम्ही घोरता का?’’ असे विचारणे हे आज शास्त्रसंमत आहे. किती दवाखान्यांत हा प्रश्न विचारला जातो? वाचकांनी आपापला अनुभव आठवून पाहावा.

कोणी म्हणेल, हे श्रीमंत देशांचे दुखणे आहे. आमच्या डाळभात खाणाऱ्या लोकांना त्याचे काय? त्यांनी मुंबईची गोष्ट ऐकावी. हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. रुग्णालयात नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना प्रश्न विचारले आणि त्यांतल्या २५० जणांची झोप घरी मोजली. शंभरात साडेएकोणीस जणांना झोपेत श्वासाचा अडथळा असल्याचा अंदाज निघाला, आणि शंभरात साडेसात जणांना त्यासोबत दिवसाची पेंगही होती. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ साली देशभरच्या पाहण्या एकत्र करून अंदाज मांडला, तो दहा कोटींच्या वरचा आहे. महाराष्ट्राची सगळी लोकसंख्या जवळपास एवढी भरेल. शिवाय हा विकार फक्त लठ्ठांचा, हीही समजूत चुकीची आहे. जबड्याची ठेवण लहान असली तर किरकोळ अंगाच्या माणसालाही तो गाठतो, आणि आशियातल्या लोकांत हे पुष्कळदा दिसते.

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले. त्यांच्या गाण्यांवर आणि अंगावरच्या सोन्यावर दुसऱ्या दिवशी रकानेच्या रकाने भरून आले. रुग्णालयातर्फे जे कारण सांगितले गेले त्यात हाच झोपेतला श्वासरोध होता. त्या दिवशी कित्येक घरांत हे नाव प्रथमच उच्चारले गेले. आठवडाभर चर्चा झाली, आणि मग आपण पुन्हा मामांच्या घोरण्याला हसायला मोकळे झालो.

हसण्याची ही खोड फक्त आपलीच आहे असे नाही. १८३६-३७ साली डिकन्सने आपल्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये जो नावाचा एक जाड्या पोरगा रंगवला. तो दारावर टकटक करता करता झोपतो, वाढता वाढता घोरतो. साऱ्या इंग्लंडने त्याला पोटभर हसून घेतले. १९५६ साली अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी अशाच एका स्थूल, सतत पेंगणाऱ्या रोग्याची हकीकत लिहिली आणि त्या अवस्थेला पिकविकचे नाव दिले. पेंग कशाने येते हे तेव्हाही नीट उमगले नव्हते. १९६५ साली फ्रान्स आणि जर्मनी ह्या दोन देशांतल्या संशोधकांनी अशा रोग्यांचा श्वास रात्रभर नोंदवला, तेव्हा कळले की झोपेत त्यांचा श्वासच तुटतो आहे. हशा आणि निदान ह्यांच्यामध्ये सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. आपल्या कुंभकर्णाचेही तेच केले आपण. इंद्रासन मागताना त्याची जीभ अडखळली आणि पदरात निद्रासन पडले, असे कथेकरी सांगतात. म्हणजे झोप हा त्याच्यावर ओढवलेला घात होता. आपण त्याला आळशांचा सरदार करून टाकले.

आता बायकांची गोष्ट. पुरुष घोरला तर विनोद होतो; बाई घोरली तर बदनामी होते. मुलगी दाखवताना स्वयंपाक, शिवण, नोकरी सगळे विचारले जाते, आणि ती घोरते हे आई जिवापाड लपवते. लग्न झाल्यावर सुनेने सासूच्या आधी झोपू नये, झोपली तर आवाज करू नये! बाईच्या बाबतीत हा विकार पुष्कळदा वेगळ्या वेषात येतो. दमणूक, रात्री झोप न लागणे, सकाळची डोकेदुखी, उदासपणा. पाळी गेल्यावर त्याचे प्रमाण वाढते. ती ‘‘दमते हो मी’’ म्हणते आणि घर म्हणते, ‘‘ह्या वयात चालायचेच.’’ नवऱ्याच्या घोरण्याने जागी असलेली बायको त्याचा श्वास थांबलेला ऐकते. बायकोचा श्वास थांबलेला ऐकायला मात्र कोणी जागे नसते. मग पाहण्यांत बायकांचे आकडे कमी दिसतात ह्यात नवल ते काय?

आणि मुले? तोंड उघडे टाकून झोपणारे, रात्री घामाघूम होणारे, मोठे होऊनही अंथरूण ओले करणारे, वर्गात कुठे लक्ष नसलेले पोर आपल्याकडे ‘ढ’ ठरते किंवा ‘व्रात्य’ ठरते. मोठा माणूस झोप कमी पडली की पेंगतो. लहान मूल पुष्कळदा उलट चुळबुळे होते. अशा मुलाचे टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात आणि त्या काढल्यावर श्वासाची वाट मोकळी होऊ शकते. त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्यायचे सोडून आपण शिकवणी लावतो आणि कान पिळतो. ज्याचा घसा तपासायचा त्याचा कान पिळायचा, हा आपला न्याय!

घरातले घरात राहिले असते तर एक वेळ गप्प बसलो असतो. पण हा माणूस रस्त्यावरही जातो. आमच्या दौलताबादेजवळ माळीवाड्याला समृद्धी महामार्गाचा फाटा आहे. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ पासून पुरता खुला झाला. सरळ, रुंद, एकसुरी. त्यावर अपघात झाले की टायरची चर्चा होते, वेगाची होते, रस्त्याच्या संमोहनाची होते. कोणत्याही एका अपघाताचे खापर मी ह्या विकारावर फोडत नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण उपचार न घेतलेल्या श्वासरोधाच्या चालकाला अपघाताचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट-अडीचपट असतो, हे परदेशातल्या अभ्यासांतून दिसलेले आहे. आपल्याकडे वाहनाचा परवाना मागताना अर्जात मिरगी विचारतात, चक्कर विचारतात, रातांधळेपणा, बहिरेपणा विचारतात, तांबडा-हिरवा ओळखता का तेही विचारतात. दिवसा बसल्या बसल्या झोप लागते का, हे मात्र नाव घेऊन विचारत नाहीत. ज्याला तांबडा दिवा ओळखता येतो पण दिव्यापाशी पोचेपर्यंत जागे राहता येत नाही, त्याला आपण परवाना देतो! ब्रिटनमध्ये श्वासरोधामुळे अतिरिक्त पेंग येत असेल तर चालकाने ते परवाना खात्याला कळवणे बंधनकारक आहे, आणि उपचाराने पेंग गेली की तो पुन्हा गाडी चालवू शकतो. ह्यातले दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे. आपल्याकडे नियम करून ट्रकवाल्याच्या पोटावर पाय दिला तर तो रोग लपवील. त्याला तपासणी फुकट द्या, उपचार द्या आणि नोकरी राखा. मग तो स्वतःहून सांगेल.

उपचार आहे, ही ह्या साऱ्या रडगाण्यातली आनंदाची बाजू. एके काळी तीव्र रोग्याच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवणे एवढाच खात्रीचा मार्ग होता. १९८० साली सिडनीत डॉ. कॉलिन सुलिव्हन ह्यांच्याकडे असाच एक रोगी आला. गळा कापून घ्यायला तो तयार नव्हता. सुलिव्हननी झाडलोटीच्या यंत्राचा पंखा घेतला, त्याची हवा नळीने नाकावरच्या मुखवट्यात सोडली, आणि त्या हवेच्या दाबाने घशाच्या भिंती आतून उचलून धरल्या. तो माणूस कित्येक वर्षांनी रात्रभर शांत झोपला. १९८१ साली हा शोध प्रसिद्ध झाला. आज त्या यंत्राला सीपॅप म्हणतात. उशाशी मावेल एवढी पेटी असते, आवाज जवळपास नसतोच. पुष्कळांना वाटते की ही प्राणवायूची नळी, म्हणजे माणूस आता शेवटच्या घटका मोजतो आहे. साफ चूक! त्यात खोलीतली साधी हवा असते, फक्त थोड्या दाबाने दिलेली. अंधारी कोसळू नये म्हणून आतून लावलेला हवेचा टेकू, एवढाच त्याचा अर्थ.

पण मुखवट्याची आपल्याला लाज वाटते. जन्मभर डोळ्यांवर काच आणि रात्री पेल्यात दात ठेवणारे आपण, नाकावर मुखवटा म्हटला की ‘‘लोक काय म्हणतील?’’ असे विचारतो. रात्री बाराला तुमच्या शेजघरात लोक असतात कुठे? पहिले काही दिवस गैरसोय होते हे खरे. मुखवटा बेताचा नसला तर हवा गळते, नाक कोरडे पडते. पण मुखवटा बदलता येतो, हवेत ओलावा देता येतो. यंत्र घेऊन कपाटावर ठेवणाऱ्याला मात्र कोणी वाचवू शकत नाही. आणि यंत्राची खोटी जाहिरातही मला करायची नाही. आधीच हृदयविकार असलेल्या २७००हून अधिक रोग्यांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत, २०१६ साली, सीपॅपने झटके आणि पक्षाघात कमी झालेले दिसले नाहीत. मात्र ते लोक यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही वापरत नव्हते. पेंग गेली, मनाची उभारी वाढली, कामावरचे खाडे कमी झाले, हे त्याच चाचणीत दिसले. म्हणजे हे अमृत नव्हे, औषध आहे. आणि औषध घेतले तरच लागू पडते.

सगळ्यांनाच यंत्र लागते असेही नाही. वजन दहा टक्के उतरले तर श्वासरोध सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी होतात. रात्रीची दारू सोडली, डॉक्टरांना न विचारता झोपेच्या गोळ्या घेणे सोडले, कुशीवर झोपायची सवय केली तर काहींना पुष्कळ फरक पडतो. सौम्य आणि मध्यम विकारात दंतवैद्य खालचा जबडा पुढे धरणारी कवळी बनवून देतात. लठ्ठपणा असलेल्यांसाठी टिरझेपटाइड ह्या टोचून घ्यायच्या औषधाला अमेरिकेच्या औषध खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये ह्या विकारावर मान्यता दिली. आणि स्वदेशी उपायांच्या अभिमान्यांसाठी एक बातमी: जयपूरला तीस रोग्यांवर एक छोटा प्रयोग झाला. त्यांतल्या काहींनी सहा महिने शंख फुंकला. त्यांची पेंग कमी झाली आणि श्वासरोध ताशी चार-पाचांनी घटले. २०२५ साली तो प्रसिद्ध झाला. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो, हे त्यामागचे कारण समजतात. तेव्हा शंख जरूर फुंका! पण ज्याचे श्वासरोध ताशी पन्नास आहेत त्याचे पाच घटले तरी पंचेचाळीस उरतात, एवढे अंकगणित सोडू नका. नाकातले चिमटे, हनुवटीचे पट्टे, बोटातल्या अंगठ्या आणि ‘सात दिवसांत घोरणे बंद’चे थेंब विकणाऱ्यांना हे अंकगणित नको असते. ते आवाज बंद करण्याचा सौदा करतात. श्वास चालू राहतो की नाही ह्याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

माझी खरी तक्रार सरकारदरबारीही आहे. झोप मोजण्याची तपासणी आणि यंत्र ह्यांचा खर्च आज सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे. यंत्राला एक पगार, कोणाचे दोन-तीन पगार लागतात. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना ह्या यंत्राचा खर्च नियमांप्रमाणे परत देते. म्हणजे ही चैन नाही, गरज आहे, हे सरकारला पटलेले आहे. मग कर्मचाऱ्याचा घसा आणि सीताफळे विकणाऱ्या बाईचा घसा ह्यांत फरक कोणता? आमच्या घाटी रुग्णालयापासून गडचिरोलीपर्यंत प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात झोपेची तपासणी माफक दरात, थोड्या दिवसांच्या प्रतीक्षेत व्हावी, गरजूंना यंत्र उसने मिळावे, आणि रक्तदाब मोजणाऱ्या प्रत्येक शिबिरात घोरण्याचा प्रश्न विचारला जावा, एवढे मागणे फार नाही.

सरकार जागे होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या हाती काय आहे ते सांगून थांबतो. दिवाळीत घर भरलेले असते. एरवी चार गावी निजणारी माणसे एका दिवाणखान्यात ओळीने निजतात. अशी संधी वर्षात दुसरी नाही. कोणी घोरायला लागले की हसण्याआधी घड्याळ घ्या. आवाज थांबला की मोजा. दहाच्या पुढे आकडा गेला आणि मग हिसका देऊन श्वास सुरू झाला, असे पुन्हापुन्हा झाले, तर ते लिहून ठेवा. हवे तर मोबाईलवर दोन मिनिटे टिपून घ्या, पण थट्टेच्या पोस्टसाठी नव्हे, डॉक्टरांसाठी. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारा: वाचता वाचता झोप लागते का? जेवून बसल्यावर? गाडीत तासभर बसल्यावर? कोणाशी बोलता बोलता? रक्तदाब आहे का? शर्टाची कॉलर सतरा इंचांच्या वर गेली आहे का? ह्यांतल्या दोन-तीन प्रश्नांना होकार आला तर फराळाचे ताट बाजूला सारून तपासणीचा दिवस ठरवा. दाराशी चूल पेटवून मोती साबण घेऊन पहाटे उठवायला जाल, तेव्हा ज्यांना उठवता ते रात्रभर खरोखर झोपले होते का, हेही विचारा.

भाऊबीजेला ओवाळताना बहीण भावाला आयुष्य मागते. ते ती मागतेच आहे, तर त्याच्या रात्रीच्या श्वासांची मोजदादही तिनेच करावी. भावानेही ओवाळणीच्या पाकिटासोबत तिला विचारावे, ‘‘ताई, तू नीट झोपतेस ना गं?’’ हसण्यासारखे जगात अजून पुष्कळ आहे. गुदमरणाऱ्या माणसाला त्यातून वगळू या.